वार्धक्यातील उठबस

माणूस म्हातारा झाला हे कशावरून ओळखावयाचे? केस पिकतात, दात पडतात, चष्म्याचा नंबर वाढतो. ही लक्षणे चारचौघांस दिसतात आणि त्यांवर बाजारात इलाजही मिळतो. परंतु एक लक्षण असे आहे की, जे घरच्या मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही आणि ज्याचे त्यालाही ते फार उशिरा उमगते. जमिनीवर बसलेला गृहस्थ उठताना आधी एक हात टेकतो. काही वर्षांनी दोन्ही हात टेकतो. पुढे गुडघ्यावर भार घेऊन, भिंतीचा आधार शोधून उठू लागतो. आणि एके दिवशी, उठणे नको म्हणून बसणेच सोडून देतो. मग पंगतीत त्याच्यासाठी खुर्ची येते, देवघरात स्टूल येते. ह्याला आपण आदर म्हणतो. तो आदर आहेच; पण एका शरीरव्यापाराला दिलेला तो निरोपही आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

ह्या साध्या क्रियेकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष अलीकडे चांगलेच वेधले गेले आहे. ब्राझीलमधील काही डॉक्टरांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ स्त्रीपुरुषांस जमिनीवर बसून पुन्हा उठावयास सांगितले. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच गुण. हात वा गुडघा टेकला की एकेक गुण वजा. परीक्षा इतकी सोपी की, खेडेगावच्या शाळामास्तरालाही ती घेता यावी. नंतर सुमारे सहा वर्षे ह्या मंडळींची खबर ठेवण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांस अगदी कमी गुण मिळाले होते त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण उत्तम गुण मिळविणारांहून कित्येक पटींनी अधिक होते. ह्याच संशोधकांनी २०२२ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १७०२ व्यक्तींना आधाराशिवाय दहा सेकंद एका पायावर उभे राहावयाचे होते. पाचांपैकी एकास ते साधले नाही. आणि वय, वजन व पूर्वीचे आजार ह्यांचा हिशेब वेगळा काढल्यानंतरही, ज्यांस ते साधले नाही त्यांच्या बाबतीत पुढील काही वर्षांतील मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. एका पायावर उभे राहता आले नाही म्हणून कोणी मरतो, असा ह्याचा अर्थ नव्हे. स्नायू, सांधे, डोळे, कान आणि मेंदू ह्यांचा आपसांतला मेळ कितपत शाबूत आहे, त्याची ती झटपट तपासणी होय.

आमच्या जाणत्या वाचकांच्या एव्हाना ध्यानी आलेच असेल की, ह्या परीक्षांपैकी दुसरी ही आपल्या वृक्षासनाची धाकटी बहीण आहे, आणि पहिली म्हणजे सुखासनात बसण्याची व त्यातून उठण्याची उजळणी. दोन पिढ्यांपूर्वी ही उजळणी घराघरांत चालू होती. पाटावर बसून जेवणारा, सतरंजीवर बसून हिशेब लिहिणारा आणि रात्री जमिनीवर अंथरूण घालणारा मनुष्य दिवसातून कितीतरी वेळा खाली बसे आणि वर उठे. त्याला कोणी योगासन म्हणत नसे. मग जेवणाचे टेबल आले, सोफा आला, पलंग आला, कमोड आला. ही सुधारणा वाईट, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. गुडघे झिजलेल्या वृद्धेला कमोड मिळणे ही चैन नव्हे, गरज आहे. परंतु ज्यांचे गुडघे अजून धड आहेत अशा चाळिशीतल्या मंडळींनीही जमिनीशी संबंध तोडून टाकावा, आणि पुढे साठीत प्रवेश केल्यावर तो जुळविण्यासाठी शुल्क भरून योगवर्गाला जावे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. घरात फरशी पुसावयास येणाऱ्या साठीच्या बाईकडे बोट दाखवून ‘पाहा, श्रमाने शरीर कसे काटक राहते’ असे म्हणणारी सुखवस्तू माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या बाईचे उकिडवे बसणे पोटासाठी आहे. गुडघा ठणकत असला तरी ते थांबत नाही. व्यायाम आणि राबणे ह्यांतले अंतर विश्रांतीचे आहे आणि खुशीचेही आहे. पतंजलींनी आसनाकडून दोनच अपेक्षा केल्या: ते स्थिर असावे आणि सुखाचे असावे. ह्यांतली दुसरी अट वृद्धांच्या बाबतीत पहिलीपेक्षाही महत्त्वाची आहे, असे आमचे मत आहे.

वार्धक्यात योगासनांचा शारीरिक लाभ कोणता, ह्या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर म्हणूनच तोल हे आहे. मनुष्य उभा राहतो तो तीन साक्षीदारांच्या भरवशावर. डोळे भोवतालची क्षितिजरेषा सांगतात, अंतःकर्णातील सूक्ष्म यंत्रणा डोके कोणत्या बाजूस कलले ते सांगते, आणि तळपाय, घोटे व गुडघे ह्यांतील संवेदना जमीन कशी आहे ते सांगतात. वयपरत्वे तिघांचीही साक्ष अंधुक होते. शिवाय मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रोडावतात. त्यामुळे तोल जातो आहे हे वेळीच कळले तरी सावरण्याची ताकद उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात आणि त्यांत सर्वांत मोठा भरणा साठीपुढच्यांचा असतो. जे मरत नाहीत त्यांपैकी अनेकांचे खुब्याचे हाड मोडते. आजोबा न्हाणीघरात घसरले आणि त्यानंतर पुन्हा चालले नाहीत, हे वाक्य ऐकावयास न मिळालेले मध्यमवर्गीय घराणे शोधूनच काढावे लागेल. ताडासनात टाचा उचलणे, भिंतीला एक बोट लावून वृक्षासनात उभे राहणे, हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठणे व त्याहून सावकाश बसणे, ह्या क्रिया त्या तिन्ही साक्षीदारांस रोज न्यायालयात उभे करतात, आणि मांडीच्या स्नायूंनाही कामास लावतात.

हे केवळ श्रद्धेने म्हणावयाचे दिवस आता राहिले नाहीत. घरी राहणाऱ्या वृद्धांविषयीच्या १०८ चाचण्यांचा एक मोठा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते आणि त्यांतही तोलाचे व्यायाम विशेष गुणकारी ठरतात, असे त्यावरून दिसते. केवळ योगासनांपुरते बोलावयाचे तर, साठीपुढील व्यक्तींवरील सहा चाचण्यांचा आढावा २०१६ साली घेण्यात आला. त्यात तोलात थोडी आणि हालचालींत त्याहून अधिक सुधारणा आढळली. पण आसनांनी तोल सुधारला म्हणून प्रत्यक्ष पडणेही तितक्याच प्रमाणात कमी झाले, हे अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही; आणि ते सिद्ध झाले आहे असे जो व्यासपीठावरून सांगतो तो योगावर उपकार करीत नाही.

दुसरा लाभ पाठीच्या कण्याचा. म्हातारपणी पाठीला बाक येतो. त्याबरोबर छाती आकसते, श्वास उथळ होतो, मान पुढे जाते आणि चालणाऱ्याची नजर रस्त्याऐवजी स्वतःच्या चपलांवर खिळते. अमेरिकेत असा बाक आलेल्या, साठीपुढील ११८ स्त्रीपुरुषांवर एक चाचणी झाली. तिचा वृत्तान्त २००९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा, सुमारे सहा महिने हठयोगाचे सौम्य प्रकार केल्यावर पाठीचा बाक पाचेक टक्क्यांनी उतरला. पाच टक्के म्हणजे काय मोठेसे, असे कोणी विचारील. परंतु जी गोष्ट वर्षानुवर्षे एकाच दिशेने वाढत जावयाची, ती थांबली आणि किंचित मागे फिरली, ह्याचे मोल पाच ह्या आकड्यात मावत नाही. जुनाट कंबरदुखीवर औषधांच्या आधी जे उपाय करून पाहावेत असे अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१७ साली सुचविले, त्यांत योगाचाही समावेश आहे. आणि बंगळूरच्या एका वृद्धाश्रमात ६९ वृद्धांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सहा महिने योगाभ्यास केलेल्यांना झोप सुमारे दहा मिनिटे लवकर लागू लागली आणि ती तासभर वाढली. रात्री तीन वाजल्यापासून छताकडे पाहत पडणाऱ्या माणसास विचारा, एक तासाची किंमत काय!

शरीराची अशी मोजदाद करून योग पारखावा ही कल्पना पाश्चात्त्यांनी आपणांस शिकविली, असे मानण्याचे कारण नाही. ती महाराष्ट्रातच रुजली. अमळनेरच्या शाळेत अध्यापन केलेल्या जगन्नाथ गणेश गुणे ह्यांनी, म्हणजेच स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली करताना पोटात काय घडते ते त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, आतला दाब यंत्राने मोजला, आणि जे आढळले ते छापले. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षकाने गूढतेचा पडदा बाजूस सारून प्रयोगशाळेचे दार उघडले, ह्याचा आपल्याला अभिमान वाटावा तितका वाटत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले आणि स्वतःही उतारवयापर्यंत ते घातले. आणि आमच्या ह्या पुण्यात १९३७ साली आलेले बी. के. एस. अय्यंगार ह्यांनी तर वृद्धांवर विशेष उपकार केले आहेत. पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, दोऱ्या, घडीच्या खुर्च्या असली साधने त्यांनी आसनांच्या मदतीस आणली. शरीराने आसनापर्यंत पोहोचावे हा जुना आग्रह. आसनाने शरीरापर्यंत उतरून यावे ही त्यांची युक्ती. तिच्यामुळे ज्याला आपल्या पायांची बोटे गेल्या दहा वर्षांत हातास लागलेली नाहीत, अशा गृहस्थासही अभ्यासाचे दार खुले झाले.

बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ ह्यांनी ऐंशी उलटल्यावर अय्यंगारांकडून शीर्षासन शिकून घेतले, ही कथा पुण्यात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ती खरी आहे. पण ती राणीची गोष्ट आहे आणि तिच्याजवळ अय्यंगार उभे होते. एरवी ह्या वयात शीर्षासन करण्याची हौस महागात पडते. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो, असे चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ साली दाखवून दिले आहे. काचबिंदूच्या रोग्यास ही गोष्ट दृष्टीवर बेतणारी आहे. त्याहून कमी परिचित असा धोका पुढे वाकण्याचा आहे. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क स्त्रियांचा एक जुना, परंतु फार बोलका अभ्यास १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांच्या मणक्यांस नवी इजा झाली, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांच्या! अभ्यास लहान होता हे खरे. तरी त्याचा इशारा स्पष्ट आहे. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्यास लागलेच पाहिजे म्हणून जो शिक्षक आजींच्या पाठीवर हात ठेवून दाबतो, त्याने आधी आजींच्या हाडांची चौकशी केली आहे काय? रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांस जोरजोराने कपालभाती व भस्त्रिका करावयास लावणाऱ्यांसही हाच प्रश्न विचारावयास हवा. दूरदर्शनसंचाच्या पडद्यावरील शिक्षक शिष्याकडे पाहू शकत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच अपघात टळतील.

योगाने मधुमेह मुळासकट जातो, सांधे नवे होतात, औषधे गटारात फेकून द्या, असे सांगणारांचा सुळसुळाट झाला आहे. वृद्ध माणूस आशेचा भुकेला असतो. त्याला फसविणे सोपे असते, म्हणूनच ते अधिक निंद्य होय. झिजलेली कूर्चा आसनांनी परत येत नाही. आसने म्हणजे चालणेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला, आणि त्याशिवाय तोल व ताकद ह्यांसाठी आठवड्यातून तीन वा अधिक दिवस वेगळे सांगितले. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या आणि तळजाईच्या टेकडीवर फेऱ्या घालणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींना ह्यांतला पहिला भाग पाठ आहे. दुसऱ्या भागाचा मात्र त्यांस पत्ता नसतो. रोज चार मैल चालणारा गृहस्थ एका पायावर उभा राहून पायजमा चढविताना कोलमडतो, तो ह्यामुळेच.

आता प्रश्न उरतो तो सोयीचा. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरविला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. त्या दिवशी मैदाने भरतात, एकसारखे सदरे वाटले जातात, पुढारी पुढच्या रांगेत बसतात. २२ जूनला त्याच मैदानाशेजारच्या सभागृहास कुलूप असते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे १० कोटी ३८ लाख होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. २०३६ पर्यंत देशातील प्रमाण १५ टक्क्यांच्या घरात जाईल असा सरकारी अंदाज आहे. इतक्या माणसांचे उठणेबसणे एका दिवसाच्या सोहळ्यावर सोपवावयाचे काय?

जे वर्ग चालतात त्यांचीही एक खोड आहे. ते पहाटे सहाला बागेत भरतात. त्या वेळी निवृत्त पुरुष मोकळा असतो. त्याची पत्नी मात्र सुनेचा डबा, नातवाची शाळा आणि दूधवाला ह्यांच्या कात्रीत सापडलेली असते. हाडे ठिसूळ होण्याचा विकार स्त्रियांत अधिक, आणि वर्गाची वेळ पुरुषांच्या सोयीची! बागेतल्या ओल्या गवतावर बसणे आणि उठणे हेही सत्तरीच्या गुडघ्यांस मानवत नाही. स्त्रियांची मोकळी वेळ दुपारी तीन ते पाच ही असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने घरात कधी लक्ष घातलेले नाही.

महापालिकेकडे आमचे मागणे मोठे नाही. तिच्या शाळांच्या इमारती दुपारनंतर जेथे रिकाम्या असतात, तेथे तळमजल्यावरची एक खोली वृद्धांच्या वर्गासाठी मिळावी. शिक्षक नेमताना त्याला किती कठीण आसने येतात हे न पाहता, ठिसूळ हाडे, काचबिंदू आणि रक्तदाब ह्यांविषयी त्याला काय ठाऊक आहे ते विचारावे. आणि पालिकेच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी साठीच्या रोग्यास तपासताना एकदा तरी ‘एका पायावर उभे राहून दाखवा’ असे म्हणावे. जाता जाता पदपथांवरील उखडलेल्या फरश्या बसविल्या तर उत्तमच. घरी वृक्षासन साधलेला मनुष्य रस्त्यावर खड्ड्यात पाय मुरगळून पडावा, ह्यात त्याचा दोष काय?

पालिकेची वाट पाहावयाची नसेल त्यांच्यासाठी गृहरचना संस्थांचे सामाईक सभागृह आहेच. लग्नाची बोलणी आणि वार्षिक सभेतील भांडणे ह्यांव्यतिरिक्त ते वर्षभर बंद असते. ते दुपारी तीन वाजता उघडावे, भिंतीला टेकवून दहावीस बिनहाताच्या पक्क्या खुर्च्या मांडाव्यात, मधोमध सतरंजी अंथरावी, पाय अडखळू नये म्हणून तिच्या कडा चिकटवून घ्याव्यात, आणि मदतीस दोघा तरुणांनी उभे राहावे. पहिल्या आठवड्यात खुर्चीवरून उठणे, दुसऱ्यात भिंतीशी एका पायावर उभे राहणे, आणि मग ज्याला जमेल त्याने खुर्चीचा आधार घेत सतरंजीवर उतरावे व तसेच वर यावे. चिटणिसांनी किल्ली कोणाकडे असते एवढे फलकावर लिहून ठेवले म्हणजे झाले.